गाठोडं कुणाचं

"मगदूम, तुमचं गाठोडं पोरीनं एकटीनं उचललं की हो!"

कावीळ उतरल्यावर पहिल्यांदाच कामावर आलो होतो. जिना चढून दम खात उभा होतो, तोवर अण्णांनी हे सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. तब्येत विचारली ती त्यानंतर.

"कुठलं गाठोडं?" मी विचारलं. ठाऊक असून विचारलं.

"कुठलं म्हंजे? किती गाठोडी हायत आपल्याकडं? नव्या लिनक्सवर आणून ठेवलंय तिनं सगळं. खाली माग चालतोय बघा त्याच्यावर."

खिडकीजवळ, माझ्या टेबलाच्या शेजारी, उत्कर्षा हेरवाडे उभी राहिली. बारकी चणीची, जाड काचांचा चष्मा, पुण्यातली चांगली नोकरी सोडून दिवाळीनंतर आमच्याकडे आलेली. ती म्हणाली, "सर, बरे आहात ना आता? खूप उतरलात."

"बरा आहे," मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून बसलो. बरा कुठला? डोळ्यांतला पिवळेपणा गेला होता, पण आता दुसराच काहीतरी रंग चढायला लागला होता.

गाठोडं म्हणजे काय ते सांगायला हवं. इचलकरंजीत आमची कंपनी यंत्रमागाला लागणारे कंट्रोल बॉक्स बनवायची. त्या बॉक्सच्या आत लिनक्स चालतं. लिनक्स जगभरातले लोक मिळून लिहितात आणि फुकट वाटतात. पण त्यांच्यापैकी कुणी आमचा माग बघितलेला नसतो. म्हणून आपल्याला हवे ते बदल आपण वरून जोडायचे. एक बदल म्हणजे एक पॅच, पँटीला लावतात तसलाच. आमचे असले शंभरावर पॅच साचले होते, एकावर एक, ठरलेल्या क्रमानं. खालचा एक हलला की वरचे सगळे उसवायचे. त्या ढिगाला अण्णा गाठोडं म्हणत. तीन-चार वर्षांनी जुनं लिनक्स टाकून नवं घ्यावं लागे, आणि तेव्हा एकेक पॅच काढून नव्यावर पुन्हा शिवत बसावं लागे. ते काम मी करायचो. मीच करायचो. दुसऱ्या कुणाला जमतच नव्हतं.

त्या दिवसांत माझा थाट नवरदेवाचा असायचा. माझ्या टेबलाजवळ कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. अण्णांच्या घरून माझ्यासाठी डबा यायचा. खाली मालाची गाडी थांबलेली असली तरी अण्णा गिऱ्हाइकाला सांगायचे, "थांबा जरा, आमचे मगदूम गाठोडं सोडवायला बसलेत." ऐकून छाती फुगायची. बी.ई. मेकॅनिकलला कसाबसा पास झालेला, वडिलांचे चार माग विकून संगणकाकडे वळलेला मी माणूस. माझ्याजवळ मिरवण्यासारखं एवढं एकच होतं. आणि ते मी हळदीसारखा पिवळा होऊन अंथरुणात उसाचा रस पीत पडलो असताना एका पोरीनं उचललं होतं.

"कसं केलंस?" मी विचारलं.

"गिटमध्ये घेतलं सगळं आधी. मग रिबेस. जिथं भांडण आलं तिथं हातानं सोडवलं. एकदा सोडवलेलं भांडण ते लक्षात ठेवतं, पुन्हा आलं की आपोआप सोडवतं." गिट म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, रिबेस म्हणजे सगळे बदल उचलून नव्या लिनक्सवर बसवणं, आणि जुनं-नवं जुळलं नाही की ते भांडण. तिनं पाण्याची बाटली कशी उघडायची ते सांगावं तसं सांगितलं. तिच्या आवाजात मिजास नव्हती, तेच मला जास्त लागलं. मिजास असती तर निदान चार माणसांत तिला नावं ठेवता आली असती.

दुपारी अण्णांनी मला केबिनमध्ये बोलावलं. अण्णा म्हणजे बाबगोंडा आवटी, कंपनीचे मालक. शिक्षण जेमतेम, पण मागाच्या आवाजावरून कुठला दात झिजलाय ते सांगतील.

"सुरतेच्या प्रदर्शनात नवा बॉक्स ठेवायचाय," ते म्हणाले. "त्याच्या आधी तुम्ही तिचं काम एकदा तपासून द्या. आन आणखी एक. आता सॉफ्टवेअरचं येगळं खातं करतोय. त्याला एक मुख्य लागंल. शनवारी मीटिंगला सांगणार हाय."

"कोण मुख्य?" मी विचारलं.

"गाठोडं ज्याच्याकडं, खातं त्याच्याकडं. दुसरं काय?"

मी घरी आलो. सुनंदानं ताटात मऊ भात आणि बिनतेलाचं वरण वाढलं. मी दोन घास खाऊन ताट सरकवलं.

"काय झालं?" ती म्हणाली.

मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, उठली, आणि फडताळातून बरणी काढली.

"हे काय?"

"ओवा. पोटात दुखतंय ना तुमच्या?"

बायको असली तरी कधीकधी माणसानं इतकं नेमकं बोलू नये.

पण खरंच दुखत होतं. दुसऱ्या दिवसापासून मी तपासायला बसलो. जुना पॅच डाव्या हाताला, तिनं बसवलेला उजव्या हाताला, आणि मध्ये माझी नजर. अण्णांना वाटत होतं मी कंपनीसाठी तपासतोय. मी फक्त एक चूक शोधत होतो. एक मिळाली असती तरी पुरे होती.

मिळेना. पहिले वीस-पंचवीस पॅच बिनचूक. एका ठिकाणी नव्या लिनक्सनं फंक्शनचं नावच बदललं होतं. मला वाटलं, इथं सापडली. तर तिनं तेही बदललं होतं, आणि खाली एका ओळीत का बदललं तेही लिहिलं होतं. पुढं मी घाईत केलेला एक पॅच होता, ज्यात दोन वेगळी कामं एकत्र कोंबली होती. तिनं त्याचे दोन स्वच्छ पॅच केले होते, आणि दोन्हींवर माझंच नाव ठेवलं होतं. हे बघून तर अंगाचा तिळपापड झाला. एखादा चांगला पॅच दिसला की मला बरं वाटायला हवं होतं, कारण बॉक्स आमचाच होता. पण प्रत्येक चांगल्या पॅचगणिक मी आणखी कडू होत गेलो.

ती शेजारी बसलेली असायची. मधून विचारायची, "सर, काही आढळलं का?"

"बघतोय अजून," मी म्हणायचो.

आणि शुक्रवारी सापडलं. एक पॅच गायब होता!

तोही कुठला, तर पीक मोजणारा. माग धोटा फेकतो, कापडात एक आडवा धागा पडतो, त्याला आमच्याकडे पीक म्हणतात. कापडाचा सगळा हिशेब त्या पिकावर. आमच्या चिपमधला, आकडा वरचा-खालचा अशा दोन तुकड्यांत ठेवणारा, मोजणीचा भाग कधीमधी, अगदी ऐन आकडा पलटताना वाचला, तर भलताच आकडा सांगायचा. त्यावर मी तोड काढली होती. मोजणी क्षणभर थांबवायची, आकडा वाचायचा, पुन्हा सुरू करायची, आणि मधल्या मध्ये निसटलं असेल तेवढं अंदाजानं मिळवायचं. चाळीस ओळींचा पॅच. त्या चाळीस ओळींसाठी मी अख्खा उन्हाळा घालवला होता. साऱ्या गाठोड्यात माझा सगळ्यात लाडका तोच, आणि तिनं नेमका तोच गाळला होता.

मी तिला काही विचारलं नाही. मान वळवली असती तरी उत्तर मिळालं असतं, इतकी ती जवळ होती. पण मला उत्तर नको होतं, शनिवार हवा होता. त्या रात्री पोट भरून जेवलो. सुनंदानं ओव्याची बरणी परत फडताळात ठेवली.

शनिवारी सगळे खुर्च्या ओढून भिंतीवरच्या मोठ्या पडद्यासमोर बसले. अण्णांनी भडंगाची परात मध्ये ठेवली होती. मला पथ्य होतं, तेव्हा मी नुसता वास घेत बसलो.

"मगदूम, तपासलं?" अण्णा म्हणाले.

"तपासलं. काम चांगलं आहे." मी मुद्दाम थांबलो. "फक्त पीक मोजायचा पॅच त्यात नाही. गळालाय. प्रदर्शनात पीक चुकलं असतं, तर सुरतेच्या गिऱ्हाइकानं आपल्याला हसून परत पाठवलं असतं."

सगळे तिच्याकडे वळले. ती गोरीमोरी झाली, पण घाबरली असं दिसलं नाही. चष्मा काढून तिनं ओढणीनं पुसला.

"गळाला नाही, सर," ती म्हणाली. "मी काढला. त्याची गरज नाही आता. ती दुरुस्ती नव्या लिनक्समध्येच आलीय."

"लिनक्समध्ये? ती कुणी घातली?"

तिनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"दाखीव की, बाळ," अण्णा म्हणाले. "त्यात काय एवढं?"

तिनं दोन-चार कळा दाबल्या. पडद्यावर मूळ लिनक्सचा, जगभर जातो तो, इतिहास उघडला. कोणता बदल कुणी केला ते त्यात कायमचं लिहिलेलं असतं. त्या फाइलीतल्या त्या बदलापुढं, लिहिणाऱ्याच्या जागी इंग्रजीत नाव होतं: महावीर मगदूम.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण माझ्याशिवाय कुणाला त्यात अवलक्षण दिसलं नाही. अण्णा ताडकन उठले.

"अवो मगदूम! जगाच्या लिनक्समध्ये तुमचं नाव? आन आमाला पत्त्या न्हाई? किती लपवावं मर्दानं?" त्यांनी माझा हात धरून वर केला. "ऐका रे, सॉफ्टवेअरचं खातं मगदूमांकडं! इषय संपला!"

टाळ्या पडल्या. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी फोननं पडद्याचा फोटो काढला. उत्कर्षाही टाळ्या वाजवत होती, दोन्ही तळहात जेमतेम एकमेकांना टेकवून. मी मात्र पडद्याकडे बघत होतो. मी लिनक्सला आयुष्यात काही पाठवलं नव्हतं. आणि नावाखाली ओळी होत्या तीन.

फक्त तीन. वरचा आकडा वाच, खालचा वाच, वरचा पुन्हा वाच. बदलला असेल तर परत सुरुवात कर. झालं. मोजणी थांबवायची नाही, अंदाज नाही, मिळवामिळवी नाही. वेळ बघायला मी घड्याळ बंद पाडत होतो. आणि हे लिहिणाऱ्यानं घड्याळ चालू ठेवून दोनदा बघितलं होतं. इतकं सोपं, की मला ते सुचलं नव्हतं याची लाज वाटली, आणि लगेच, ज्याला सुचलं त्याच्याबद्दल पोटात असा भडका उठला की उत्कर्षाचा मला विसरच पडला. सगळे माझं अभिनंदन करत होते आणि मी एका अनोळखी माणसावर जळत उभा होतो.

मीटिंग संपली तशी ती गच्चीवर गेली. मी मागोमाग गेलो. शेजारच्या शेडमधले माग खडखडत होते, म्हणून जवळ उभं राहून बोलावं लागलं.

"त्या तीन ओळी कुणाच्या आहेत?" मी विचारलं.

"तुमच्या. नाव तुमचंच आहे ना."

"उत्कर्षा, मला चाळीस लागल्या होत्या. कुणाच्या आहेत?"

तिनं कठड्यावर हात ठेवले. "माझ्या," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. ती सांगलीला शेवटच्या वर्षाला होती. प्रोजेक्टमध्ये नेमकी तीच चिप, तोच भलता आकडा. शोधता शोधता तिला आमच्या कंपनीची साइट सापडली. लिनक्स फुकट वापरायचं तर आपले बदल उघड ठेवावे लागतात. आम्हीही एका कोपऱ्यात ठेवले होते, कोण बघतंय म्हणून. तिनं बघितले. माझा पॅच गिटमध्ये उतरवून घेतला, आणि मग तो सुधारायला बसली. सुधारता सुधारता माझी एकही ओळ त्यात उरली नाही.

"नवीन होते मी," ती म्हणाली. "आहे त्याच पॅचमध्ये सुधार, अशी आज्ञा देत गेले. गिट आतला मजकूर बदलतं, पण लिहिणाऱ्याचं नाव पहिलंच ठेवतं. मला माहीतच नव्हतं. पाठवून दिला. तिकडे तो भाग सांभाळणारा एक जर्मन माणूस आहे, कुणाला चांगलं म्हणत नाही. त्यानं लिहिलं, ‘सुंदर’. आणि खाली, ‘मगदूम यांचे आभार’."

"मग सांगायचं की त्याला!"

"सांगितलं. पण तोवर वर, मूळ लिनक्समध्ये, गेला होता. एकदा वर गेलं की तिथला इतिहास बदलत नाहीत. म्हणाला, पुढच्या वेळी लक्ष ठेव."

"मला कळवायचं."

"तुम्हाला मेल गेला होता, परत आला. पत्ता बंद होता तुमचा."

अण्णांनी मध्यंतरी कंपनीचं नाव बदललं होतं, तेव्हा जुने पत्ते बंद पडले होते. मी म्हटलं, "पण खाली तुझंही नाव होतं की, आता ध्यानात येतंय. सगळ्यात शेवटी."

"ते पाठवणाऱ्याचं. पोस्टमनचं नाव आहे ते, सर." ती हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "त्यानंतर माझे किती पॅच गेले वर. एकालाही ‘सुंदर’ आलं नाही. पुण्यात इंटरव्ह्यूला सांगायचे, हा माझा आहे. ते उघडून बघायचे आणि माझ्याकडे बघायचे. शेवटी सांगायचंच सोडलं. मी इथं का आले माहीत आहे? हा मगदूम कोण आहे ते बघायला."

"बघितलास?"

"वाटलं होतं, कुणी आळशी, आयत्या बिळावरचा नागोबा असेल. तसा असता तर बरं झालं असतं. पण गाठोडं उघडलं आणि तुमचे बाकीचे पॅच वाचले. शंभर! एकेक वाचत चूक शोधत गेले. चांगले निघाले हो. मग तर जास्तच जळायला झालं."

तिनं ते अगदी सरळ सांगितलं. खरं सांगू? मला आनंद झाला. आठवडाभर मी हिच्यावर जळत होतो, आणि ही माझ्यावर कितीतरी वर्षं जळत होती! माझं असं काही असू शकतं, की ज्यावर कुणी जळावं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. वाटलं, जिना उतरून जावं आणि पथ्य मोडून मूठभर भडंग खावं.

जिना उतरलो, पण परातीपाशी थांबलो नाही. त्या तीन ओळी डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या. त्या माझ्या असत्या तर मी गावभर नाचलो असतो. माझ्या नव्हत्या, आणि उद्यापासून रोज कुणीतरी मला त्या दाखवून शाबासकी देणार होतं, आणि ती शेजारी बसून ऐकणार होती. दुसऱ्याचा कोट घालून लग्नात मिरवावं आणि कोटवाला समोरच पंगतीत बसलेला असावा, तसं. मला खातं हवं होतं, पण असं नको होतं. मी सरळ केबिनमध्ये शिरलो.

"अण्णा, तो पॅच माझा नाही. उत्कर्षाचा आहे."

अण्णा सुरतेच्या तयारीत होते. त्यांनी मान वर केली. "नाव कुणाचं हाय?"

"माझं."

"काम कुणाचं?"

"तिचं." आणि मी झालेली सगळी हकिगत सांगितली.

"हे कुणाकुणाला ठावं हाय?"

"मला आणि तिला. आता तुम्हाला."

"मग गप बसा की! काय बिघडलं?"

"तुम्ही खातं त्या पॅचवर दिलंत. मग ज्यानं लिहिला त्याला द्या. गाठोडंही तिनंच आणलंय."

अण्णांनी सुरतेचे कागद बाजूला सारले. मग त्यांचे डोळे भरून आले. उठून त्यांनी मला मिठी मारली, दार उघडलं आणि साऱ्या मजल्याला हाळी दिली. "इकडं या रे सगळे! ह्या माणसाचे पाय धरा! मिळालेलं खातं दुसऱ्याला दिलं ह्यानं, खऱ्यापायी! देवमाणूस हाय, देवमाणूस! उत्कर्षा, बाळ, खातं तुझं. ह्या मगदूमांच्या पाया पड आधी."

उत्कर्षा दारातच उभी होती. ती गच्चीवरून माझ्या मागोमाग आली असावी. केव्हापासून उभी होती कोण जाणे. लोक माझ्याभोवती जमले. मघाशी झाल्या त्याच्या दुप्पट टाळ्या झाल्या. एकानं तर खरंच पायाला हात लावला. पाया पडायच्या गोंधळात तिचं अभिनंदन करायचं बहुतेकांच्या ध्यानातच राहिलं नाही.

गर्दी पांगल्यावर मी तिच्याजवळ गेलो. म्हटलं, "झालं ना मनासारखं?"

"सर," ती म्हणाली, "मी अण्णांकडंच निघाले होते. आज सांगणारच होते. इतकी वर्षं ते वाक्य मनात घोळवत होते." तिचा आवाज बारीक झाला. "कोड मी लिहिला, नाव तुमचं लागलं. खरं सांगायचं तेवढं माझं उरलं होतं. तेही तुम्हीच सांगितलंत."

"अगं, पण खातं तुझ्याकडं आलं की."

"आलं. देवमाणसानं दिलेलं."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. आवळलेले ओठ, लाल झालेले कान, आणि समोरच्याचं काही चुकलंच नाही म्हणून होणारी ती तडफड. अण्णांच्या दारातली पोरगी मला परकी वाटेना. आठवडाभर दाढी करताना आरशात मी हाच चेहरा बघत होतो.

"मग आता मी काय करू?" मी विचारलं.

तिनं दोन्ही हात जोडले.

"काही करू नका, सर," ती म्हणाली. "पाया पडते, पण आता आणखी काही चांगलं करू नका."